आधी खुर्चीत उडा

असेसमेंटचा ईमेल आला की मला पहिला फोन येतो तो बहुतेक वेळा असा: "सर, सिमचा स्लॉट कुठे मिळेल?" सीपीएल झालेलं असतं, २०० तासांचं लॉगबुक भरलेलं असतं, विमान कंपनीची लेखी परीक्षा आणि सायकोमेट्रिक चाचणीही पार पडलेली असते. आता मध्ये उभा असतो तो सिम्युलेटर. हातात आठ-दहा दिवस, कधी त्याहून कमी. घरच्यांनी शेत गहाण टाकून किंवा बँकेचं कर्ज काढून फ्लाइंगची फी भरलेली असते, आणि हा मुलगा किंवा ही मुलगी आणखी पैसे उसने घेऊन गुरुग्रामला नाहीतर हैदराबादला पळायच्या तयारीत असते. मी त्यांना सांगतो, स्लॉट घ्या, पण आज नको. आज घरातली एक खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवा.

खुर्चीचं पुढे सांगतो. आधी परीक्षा कशी असते ते समजून घेऊ. कंपनीगणिक फरक पडतो, पण साचा ओळखीचा आहे. सिम्युलेटर एअरबस ए-३२० चा किंवा बोइंग ७३७ चा असतो. कधी सहा पायांवर हलणारा, कधी जागेवर स्थिर. दोन उमेदवार पुढे, परीक्षक मागच्या खुर्चीत. प्रत्येकाच्या वाट्याला साधारण अर्धा ते पाऊण तास येतो. टेकऑफ, सांगितलेल्या उंचीवर लेव्हल होणं, दिलेल्या हेडिंगवर वळणं, ठरावीक वेग धरून चढणं-उतरणं, ४५ अंशांचा स्टीप टर्न, कधी व्हीओआरचं रेडियल पकडणं आणि होल्डिंग, मग आयएलएस, गो-अराउंड, पुन्हा आयएलएस आणि लँडिंग. ऑटोपायलट बंद, ऑटोथ्रस्ट बंद, फ्लाइट डायरेक्टरही बहुधा बंद. यालाच आपण रॉ डेटा म्हणतो. उपकरणं दाखवतील ते वाचायचं आणि हाताने उडवायचं. मोजमाप साधारण असं धरतात: उंची १०० फुटांच्या आत, हेडिंग ५ अंशांच्या आत, वेग ५ ते १० नॉटच्या आत, आणि आयएलएसवर विचलन अर्ध्या स्केलच्या आत.

हे आकडे वाचून पोटात गोळा येतो, ते स्वाभाविक आहे. पण तुमच्याकडे टाइप रेटिंग नाही, जेटवर तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा बसताय, हे परीक्षकाला पक्कं ठाऊक असतं. तुम्ही १०० फुटांच्या बाहेर जाणार, वेग निसटणार, हे तो गृहीत धरूनच बसलेला असतो. चूक तुम्हाला किती लवकर दिसते, दिसल्यावर तुमचे हात काय करतात, आणि एकदा सांगितलेली गोष्ट दुसऱ्या वेळी सुधारलेली दिसते का, याकडे त्याचं लक्ष असतं. कंपनी तुमच्या टाइप रेटिंगवर आणि पुढच्या लाइन ट्रेनिंगवर वेळ आणि साधनं खर्च करणार असते. हा माणूस शिकवलं तर शिकेल का आणि रात्री दोन वाजता खराब हवेत याच्या शेजारी बसायला मला चालेल का, हे त्याला ठरवायचं असतं.

माझ्या स्वतःच्या पहिल्या असेसमेंटमध्ये मला ५,००० फुटांवर लेव्हल व्हायचं होतं आणि मी ५,३०० वर गेलो. घाईने नाक खाली घातलं, विमान ४,८०० वर आलं. मग कसाबसा ५,००० वर आणला. इथपर्यंत सगळं माफ होण्यासारखं होतं. पण पुढची तीन-चार मिनिटं मी मनाने त्या ३०० फुटांतच अडकून राहिलो. पुढचं हेडिंग मिळालं, मी रीडबॅक व्यवस्थित दिला, आणि वळलोच नाही. माझी निवड झाली नाही. परीक्षकांनी बाहेर आल्यावर शांतपणे सांगितलं, "उंची चुकली म्हणून नाही. तू तिथेच थांबलास म्हणून." ते वाक्य मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला सांगत आलोय.

सेस्ना १७२ वरून जेटवर बसताना हात नेमका कुठे फसतो ते एका साध्या हिशोबात दिसतं. नाक एक अंश वर किंवा खाली केलं तर मिनिटाला किती फुटांचा फरक पडतो? विमान एका मिनिटात जितके नॉटिकल मैल जातं, त्याला शंभराने गुणा. सेस्ना ९० नॉटने चाललीय, म्हणजे मिनिटाला दीड मैल. एका अंशाला १५० फूट. जेट २४० नॉटने चाललंय, म्हणजे मिनिटाला चार मैल. एका अंशाला ४०० फूट. बारामतीला किंवा गोंदियाला दोन वर्षं घटवलेला हात सवयीने तीन अंश नाक उचलतो आणि विमान मिनिटाला १,२०० फुटांनी चढायला लागतं. मग घाबरून तितकंच खाली. मागे बसलेल्याला विमान पाळण्यासारखं हेलकावताना दिसतं. म्हणून पहिला नियम हा: ५० फूट चुकले असतील तर अर्धा अंश, १०० फूट चुकले असतील तर एक अंश. आणि तो अंश लावून थांबायचं. काय होतंय ते बघायचं, मगच पुढची हालचाल.

इंजिनाचंही तसंच. पिस्टन इंजिनाला थ्रॉटल दिला की आवाज लगेच बदलतो, ओढ लगेच जाणवते. जेट इंजिन, विशेषतः कमी पॉवरवरून, फिरून वर यायला काही सेकंद घेतं, आणि साठ-सत्तर टनांचं वजन वेग धरायला आणखी वेळ घेतं. वेग ५ नॉटने पडलेला दिसला आणि तुम्ही लिव्हर भसकन पुढे ढकलले, तर अर्ध्या मिनिटाने वेग १५ नॉट जास्त झालेला असतो. पीएफडीवर वेगाच्या पट्टीला लागून एक छोटा बाण असतो. आत्ता चाललंय तसंच चालत राहिलं तर दहा सेकंदांनी वेग किती असेल ते तो दाखवतो. बऱ्याच सेस्नांमध्ये ही सोय नसते, म्हणून नव्या मुलांचं तिकडे लक्षच जात नाही. त्या बाणाशी पहिल्या मिनिटातच ओळख करून घ्या. बाण शून्यावर आणणं म्हणजेच वेग धरणं.

आता पिच आणि पॉवर. प्रत्येक विमानाला प्रत्येक अवस्थेसाठी एक ढोबळ जोडी असते: इतकं नाक, इतकी पॉवर, मग वेग आणि उंची आपोआप जवळपास बसतात. कंपनी ब्रीफिंगच्या कागदावर किंवा आधी पाठवलेल्या टिपणात हे आकडे देते. लेव्हलला २५० नॉटसाठी किती, फ्लॅप घेतल्यावर किती, ग्लाइडस्लोपवर किती. ते झोपेतून उठवून विचारले तरी सांगता आले पाहिजेत. माझ्या पाहण्यात जी मुलं अनुत्तीर्ण होतात त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी हे टिपण नुसतं वाचलेलं असतं. ते पाठ असायला हवं, पाढ्यांसारखं. परीक्षकाच्या नजरेतून विचार करा. एक पानाचं टिपण दहा दिवसांत ज्याचं पाठ होत नाही, तो टाइप रेटिंगच्या वेळी हजारो पानांच्या मॅन्युअलचं काय करणार?

या जोड्यांचं महत्त्व परीक्षेपुरतं नाही. रिओ दि जानेरोहून पॅरिसला निघालेलं एअर फ्रान्सचं ४४७ हे एअरबस ए-३३० विमान १ जून २००९ रोजी अटलांटिकवर असताना त्याच्या पिटॉट नळ्यांमध्ये बर्फाचे कण अडकले. वेगाचे आकडे थोड्या वेळासाठी बिघडले आणि ऑटोपायलट सुटला. त्यानंतर नाक वर ओढलं गेलं, विमान स्टॉल झालं आणि समुद्रात कोसळेपर्यंत त्यातून बाहेर आलं नाही. २२८ माणसं गेली. वेग दिसेनासा झाला तरी नाक आणि पॉवर आपल्या हातात असतात. म्हणूनच बोइंग ७३७ च्या वैमानिकाला अशा प्रसंगासाठी दोन जोड्या तोंडपाठ असतात: फ्लॅप आत असतील तर ४ अंश आणि ७५ टक्के एन-१, फ्लॅप बाहेर असतील तर १० अंश आणि ८० टक्के. एअरबस ए-३२० वर टेकऑफनंतर अगदी सुरुवातीला १५ अंश, नंतर १०,००० फुटांपर्यंत १० अंश आणि त्याच्या वर ५ अंश, त्या त्या टप्प्याच्या पॉवरसह. परीक्षेत हे विचारतील असं नाही. पण हे आकडे ज्याला समजलेत, त्याचा हात कधी घाबरत नाही.

आता खुर्ची. धुळ्यात फ्लाइंग केलेली एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली होती, घर चाळीसगावजवळच्या एका खेड्यात. असेसमेंटला नऊ दिवस होते आणि स्लॉटसाठी पैसे फक्त एका तासाचे होते. तिने तालुक्याच्या फ्लेक्सवाल्याकडून ए-३२० च्या कॉकपिटचा मोठा फ्लेक्स छापून घेतला आणि मधल्या खोलीत भिंतीला लावला. समोर लाकडी खुर्ची. को-पायलटच्या, म्हणजे उजव्या खुर्चीतून उडवायचं होतं, म्हणून डाव्या हाताशी स्टूल आणि त्यावर जाड पुस्तक, तेच थ्रस्ट लिव्हर. उजव्या हातात काहीच नाही, बोटं साइडस्टिक धरल्यासारखी. मी तिला पोस्टकार्डाएवढ्या कागदांवर सूचना लिहून दिल्या होत्या आणि ते कागद तिची आई शेंगा फोडता फोडता मोठ्याने वाचायची: "टर्न राइट हेडिंग टू फोर झीरो." मुलगी रीडबॅक द्यायची, नजर फ्लेक्सवर फिरवायची, बोटं हलकेच उजवीकडे, आणि तोंडाने सगळं बोलायची: बँक २५, उंची ५,०००, वेग २२०, हेडिंग येतंय, सरळ. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आईने शेंगा बाजूला ठेवल्या आणि म्हणाली, "अगं, या वेळी वेग बोललीच नाहीस तू."

आईला वेग म्हणजे किती नॉट हे माहीत नव्हतं. पण दर वेळी जो शब्द यायचा तो या वेळी आला नाही, हे तिच्या कानाला कळलं. स्कॅन म्हणजे दुसरं काय असतं? नजरेची एक ठरलेली फेरी असते आणि तिच्यातलं एखादं स्टेशन सुटलं तर ते खटकलं पाहिजे. मध्यभागी अॅटिट्यूड. तिथून वेगाकडे, परत अॅटिट्यूड. तिथून उंचीकडे, परत अॅटिट्यूड. तिथून हेडिंगकडे, परत अॅटिट्यूड. नवशिका ज्या आकड्यात चूक झाली त्याच्याकडेच टक लावून बसतो आणि तेवढ्यात दुसरे तीन आकडे निसटतात. खुर्चीत हीच फेरी मोठ्याने बोलून घोटायची असते. मनातल्या मनात केली तर आपण स्वतःलाच फसवतो. जीभ मात्र अडखळली की लगेच कळतं.

खुर्चीतला वेळही खरा ठेवा. २२० नॉटच्या वेगात २५ अंश बँकने ९० अंश वळायला चाळीसेक सेकंद लागतात. मोबाइलवर स्टॉपवॉच लावा आणि चाळीस सेकंद त्या वळणात राहा. त्या चाळीस सेकंदांत तुम्ही काय करताय? बहुतेक जण पहिल्या खेपेला पाच सेकंदांत वळण उरकतात आणि म्हणतात, झालं. मग प्रत्यक्ष सिममध्ये ते उरलेले पस्तीस सेकंद अंगावर येतात. टेकऑफही तसाच, सेकंदाला साधारण ३ अंश या गतीने नाक १५ अंशांपर्यंत, म्हणजे पाच सेकंद. मोजून करा. रोज सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास, नऊ दिवस. याला फ्लेक्सपलीकडे एक रुपया लागत नाही, आणि माझ्या अनुभवात याच्याइतका फायदा कोणत्याही महागड्या तयारीने झालेला मी पाहिला नाही.

डोक्यातले हिशोब आणखी एका कारणासाठी घोटायचे. ताण आला की माणसाला बेरीज-वजाबाकीसुद्धा सुचत नाही, तेव्हा उत्तर हातात तयार हवं. ३ अंशांच्या ग्लाइडस्लोपवर किती गतीने उतरायचं? ग्राउंडस्पीडला पाचाने गुणा. १४० नॉटला मिनिटाला ७०० फूट. समोरचा वारा जोरात असेल आणि ग्राउंडस्पीड १२० असेल तर ६००. उतरायला कुठून सुरुवात करायची? जितके हजार फूट सोडायचे त्याच्या तिप्पट मैल. १०,००० वरून ३,००० वर यायचं तर २१ मैल, आणि वेग कमी करायला दर १० नॉटमागे साधारण एक मैल वेगळा. लेव्हल व्हायला कधी लागायचं? चढण्याच्या गतीचा दहावा भाग आधी. मिनिटाला १,५०० फुटांनी चढत असाल तर १५० फूट अलीकडे. वळणातून कधी बाहेर यायचं? जितकी बँक, त्याच्या निम्मे अंश आधी. हे भाजी आणायला जाताना, बसमध्ये, कुणाशी तरी प्रश्नोत्तरं करत घटवा.

होल्डिंगचं भय मात्र उगाच बाळगलं जातं. गच्चीवर खडूने व्हीओआर काढा, एक इनबाउंड रेष काढा, आणि वेगवेगळ्या दिशांनी चालत या. डायरेक्ट, पॅरलल की टिअरड्रॉप, हे पायांना कळलं की डोक्याला आठवावं लागत नाही. वळणं उजवीकडे, वेगळं सांगितलं नसेल तर. १४,००० फुटांपर्यंत आउटबाउंड एक मिनिट, त्याच्या वर दीड.

आता बोलण्याबद्दल, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे. आपल्याकडची मराठी माध्यमातून आलेली मुलं उडवण्यात कुणाच्या मागे नसतात. पण सिममध्ये त्यांचा आवाज खोल जातो. इंग्रजी चुकेल या भीतीने रीडबॅक पुटपुटतात, कॉलआउट गिळतात. मागच्या माणसाला वाटतं, याला कळलेलंच नाही. मुळात वैमानिकाला लागणारं रेडिओचं इंग्रजी ठरलेल्या वाक्प्रयोगांचं आहे. त्यात अलंकार नाहीत. तीन म्हणताना 'ट्री', पाच म्हणताना 'फायफ', नऊ म्हणताना 'नाइनर', असे उच्चारसुद्धा ठरवून दिलेत, कारण ही भाषा जगभरच्या लोकांसाठी घडवलीय. त्यात इंग्रजांना जितकी जागा तितकीच चाळीसगावला. लेव्हल ४ चं इंग्रजी तुम्ही परीक्षा देऊन सिद्ध केलेलं आहे. तेव्हा खुर्चीत बसून मोठ्याने बोला, शेजारच्या खोलीत ऐकू जाईल असं. लाज घरीच संपवा.

दुसरी गोष्ट आपल्या संस्कारांतून येते. मोठ्या माणसाला उलट बोलू नये, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं. कॉकपिटमध्ये ते घरी ठेवून जावं लागतं. सिममध्ये अर्धा वेळ तुम्ही पायलट मॉनिटरिंगच्या भूमिकेत असता, शेजारचा उमेदवार उडवत असतो, आणि अनेक मुलं त्या अर्ध्या तासात सुटकेचा श्वास सोडून गप्प बसतात. परीक्षक तेव्हाही तुमचंच मूल्यमापन करत असतो. वेग पडला तर 'स्पीड' म्हणा. उंची सुटली तर सांगा. सांगितलेलं हेडिंग तो विसरला तर हळूच आठवण करून द्या. त्याला चुकू दिलं तर आपली जागा पक्की होईल, असा विचार करणारा उमेदवार मागून लगेच ओळखू येतो.

७ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं बोइंग ७३७ कोझिकोडच्या टेबलटॉप धावपट्टीवर पावसात उतरताना पुढे निघून गेलं आणि दरीत पडलं. २१ जणांचा मृत्यू झाला. विमान धावपट्टीच्या बऱ्याच पुढे टेकलं होतं. एएआयबी या विमान अपघात तपास संस्थेच्या अहवालात नोंद आहे की को-पायलटने गो-अराउंडचा कॉल दिला होता, तरी लँडिंग चालू राहिलं, आणि त्याने स्वतः कंट्रोल घेतले नाहीत. गेलेल्या माणसांबद्दल पूर्ण आदर ठेवून मी हे विद्यार्थ्यांना सांगतो. कॉल देणं ही पहिली पायरी. ऐकलं गेलं नाही तर पुन्हा, जास्त स्पष्ट. तरीही नाही तर 'आय हॅव कंट्रोल.' ही पायरीसुद्धा खुर्चीत बोलून बघायची असते, नाहीतर वेळ आली की शब्द घशातच राहतात.

एवढं झालं की मग सिमचा स्लॉट. गुरुग्राम, ग्रेटर नोएडा, हैदराबाद, बंगळुरू या ठिकाणी ए-३२० आणि ७३७ चे सिम्युलेटर आहेत. एक-दोन तासांचा स्लॉट पुरे, तोही परीक्षेच्या चार-पाच दिवस आधी, सोबत अनुभवी प्रशिक्षक असेल तरच. आदल्या दिवशी घेऊ नका. तेव्हा काही चुकलं तर सुधारायला रात्र उरत नाही, फक्त काळजी उरते. स्लॉटमध्ये जाताना तीनच गोष्टी ठरवून जा. लेव्हल धरणं, वेग बदलणं, आयएलएस. पहिल्याच तासात इंजिन बंद पाडून बघायचा मोह आवरा. घरच्या संगणकावरचं मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर किंवा एक्स-प्लेन व्हीओआर, होल्डिंग आणि स्कॅनसाठी उत्तम आहे, पण तिथे पॉजचं बटण वापरायचं नाही आणि बाहेरचं दृश्य ढगांनी झाकून टाकायचं.

सिम्युलेटरची किंमत लोकांना कळली तीच मुळी आकड्यांकडे बघून उडवायला शिकवण्यामुळे, हे विसरू नका. एडविन लिंक या अमेरिकन माणसाच्या वडिलांचा ऑर्गन बनवायचा कारखाना होता. त्याने १९२९ च्या सुमारास ऑर्गनचे भाते वापरून, म्हणजे आपल्या पेटीला असतात तसे, डुलणारी एक लाकडी पेटी बनवली. कित्येक वर्षं लोकांनी ती जत्रेतलं खेळणं समजली. १९३४ मध्ये टपाल नेणारे अमेरिकन लष्करी वैमानिक खराब हवेत एकामागून एक मरायला लागले, तेव्हा लष्कराने ती विकत घेतली. ढगात बाहेर काही दिसत नसताना विमान सरळ ठेवायला ती शिकवायची. आज कोट्यवधी रुपयांचं यंत्र असलं तरी काम तेच आहे.

एअरबस की बोइंग, हे आधी कळतंच, तेव्हा हातही त्याप्रमाणे तयार करा. ए-३२० मध्ये साइडस्टिक सोडली की विमान जिथे ठेवलंय तिथेच राहायला बघतं, ट्रिम आपोआप होतं. म्हणून बोटांनी थोडं हलवायचं आणि सोडायचं. स्टिक सतत ढवळत राहणं ही तिथली सगळ्यात मोठी चूक. दोघांच्या स्टिक एकमेकांना जोडलेल्या नसतात आणि दोघांनी एकदम हलवल्या तर दोन्ही हालचालींची बेरीज होते, म्हणून कंट्रोल कुणाकडे आहे ते नेहमी तोंडाने बोलायचं. ७३७ मध्ये योक आहे, ट्रिम तुम्हाला करावं लागतं, आणि इंजिनं पंखाखाली असल्याने पॉवर वाढवली की नाक वर जातं. गो-अराउंडला हे जोरात जाणवतं. योकवरचा हात दुखायला लागला तर समजा ट्रिम करायचं राहिलंय.

आयएलएसवर दोनच गोष्टी लक्षात ठेवा. लोकलायझरवर आलात की वाऱ्याला धरून कोणतं हेडिंग काटा मध्ये ठेवतं ते शोधा आणि त्याच्या आजूबाजूला २ ते ५ अंशांतच फिरा. काट्याच्या मागे धावू नका. आणि १,००० फुटांवर विमान स्थिर नसेल, म्हणजे वेग, उतरण्याची गती, फ्लॅप आणि गिअर जागेवर नसतील, तर गो-अराउंड करा. परीक्षेत गो-अराउंड केला तर मार्क जातील असं अनेकांना वाटतं आणि ते वाकडंतिकडं विमान खाली रेटतात. वेळेवर आणि स्वच्छ केलेला गो-अराउंड बघून मी आजवर एकाही परीक्षकाला नाराज झालेलं पाहिलेलं नाही.

आदल्या दिवशी परीक्षेच्या गावी पोहोचलेलं असा. रात्रीच्या बसने जाऊन सकाळी थेट सिममध्ये बसणं म्हणजे नऊ दिवसांची मेहनत पाण्यात घालणं. लायसन्स, लॉगबुक, मेडिकल, आरटीआर, पासपोर्ट, जे मागवलं असेल ते मूळ प्रतींसह एका फाइलमध्ये. सकाळी पोटभर पण साधं खा. आत वातानुकूलन बरंच थंड असतं, हात गारठतात, तेव्हा पूर्ण बाह्यांचा शर्ट असलेला बरा. ब्रीफिंगमध्ये आकडे लिहून घ्या, न कळलेलं तिथेच विचारा. आत गेल्यावर सीट आणि पेडल नीट जुळवायला वेळ घ्या, कुणी घाई करत नाही. सिम्युलेटरमध्ये यायचा पूल वर उचलला जातो, मोशन चालू होतं आणि खोली किंचित हलते. त्या क्षणी श्वास सोडा, खांदे खाली आणा आणि स्टिकवरची पकड बघा. बोटांची नखं पांढरी पडली असतील तर पकड सैल करा.

चूक झाली की ती तोंडाने बोला, 'उंची जास्त, दुरुस्त करतोय', आणि दुरुस्त करून पुढे चला. बाहेर आल्यावर परीक्षक विचारेल, कसं झालं? प्रामाणिक उत्तर द्या. सिम्युलेटर नीट नव्हता, साइडस्टिक वेगळी होती, असं काहीही सांगू नका. कुठे चुकलं आणि पुढच्या वेळी काय वेगळं करीन, इतकं दोन वाक्यांत पुरे.

चाळीसगावजवळची ती मुलगी आज ए-३२० वर फर्स्ट ऑफिसर आहे. तुमचीही निवड होईल तेव्हा एक विनंती आहे. तुमच्या फ्लाइंग स्कूलमधल्या पुढच्या बॅचमध्ये कुणाला तरी असेसमेंटचा ईमेल आलेला असेल आणि त्याच्या घरी कागद वाचून दाखवायला कुणी नसेल. दोन संध्याकाळ त्याच्यासाठी काढा. त्याच्या खुर्चीशेजारी तुमची खुर्ची टाका आणि त्याला हेडिंग द्या.